धाकटीची खूणकडी

ज्या बाईची ही हकिगत आहे तिला घरात आणि गल्लीत सगळे धाकटी म्हणत. ती सून होऊन आली तेव्हा घरातली सर्वांत लहान बाई होती, म्हणून हे नाव पडले. पुढे तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, समोरचे दात पडले, तरी ती धाकटीच राहिली. या नावाचा तिला राग नव्हता. राग दुसऱ्या गोष्टीचा होता, आणि तो तिने अर्धे आयुष्य गिळून ठेवला होता.

त्या घराचा धंदा चिलखते सांधण्याचा होता. सुलतानांच्या आणि बादशहांच्या फौजा एके काळी जे अंगावर चढवून लढल्या, ते आता काचेच्या कपाटांत आणि हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले आहे. पण लोखंड कपाटात गेले म्हणून त्याचा गंज थांबत नाही. त्यामुळे कारखान्यात काही ना काही येतच असे. नाकावर उभी पट्टी असलेली टोकदार शिरस्त्राणे येत, त्यांच्या मागे मान झाकणारी कड्यांची जाळी लोंबत असे. चार पितळी फुलांच्या गोल ढाली येत. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार चकचकीत पत्रे येत, त्यांना चारआईना म्हणत, म्हणजे चार आरसे. तलवारीला मात्र हा कारखाना हात लावत नसे. पात्यावरचे पाण्याच्या लाटेसारखे जौहर उजळणारे शिकलगार गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि ते स्वतःला वरच्या पायरीचे समजत. "तुम्ही लोखंडाचे शिंपी," असे ते चिडवत. धाकटीचे सासरे त्यावर शांतपणे म्हणत, "शिंपी तर शिंपी. तुमच्या तलवारीने फाडायचं आणि आम्ही शिवायचं, हे चालत आलंय."

शिवणे म्हणजे कड्या ओवणे. तार तापवून मऊ करायची, सळईवर गुंडाळायची, कापून सुट्या कड्या करायच्या. प्रत्येक कडीची दोन टोके ऐरणीवर चपटी करून एकमेकांवर आणायची, त्यांत सुंब्याने भोक पाडायचे, ती कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि मग मोहरीएवढे रिबिट घालून पकडीने दाबायचे. असे एका सदऱ्याला हजारो वेळा. या कामात ताकद फारशी लागत नाही. लागतो तो धीर, आणि बोटांच्या टोकांना डोळे असावे लागतात.

त्या घराची एक रीत होती. सांधलेली जागा जुन्यात इतकी मिसळून जाई की ओळखू येऊ नये. म्हणून सांधकाम पुरे झाले की शेवटची एक जागा मुद्दाम मोकळी ठेवत आणि तिथे लोखंडाऐवजी पितळेची कडी बसवत. तिला खूणकडी म्हणत. तिच्यावर कारागिराचा ठसा असे. इथून पुढे नवे आहे, हे त्या कडीने सांगायचे, आणि ते कुणी केले तेही. काम उसवले तर खूणकडी पाहून त्याच माणसाला बोलावत. ज्याची कडी त्याने उत्तर द्यायचे, असा त्या घराचा कायदा होता.

ठसे पुरुषांचे होते. मुलगा बाकावर बसण्याजोगा झाला की बाप त्याला स्वतःच्या हाताने ठसा कोरून देई. बायका तार कापत, टोके चपटी करत, भोके पाडत, आणि पुरुषांचे डोळे अधू झाले की ओवणे आणि रिबिट दाबणेही त्याच करत. कडी मात्र पुरुष येऊन बसवून जात. धाकटीच्या नवऱ्याचे हात तरुणपणीच थरथरू लागले होते. तेव्हापासून त्याच्या वाटचे सगळे काम तिनेच केले आणि त्यावर त्याचा ठसा पडत राहिला. तो माणूस वाईट नव्हता. कडी बसवून झाली की तो म्हणे, "बघ, आपली कडी बसली." ती म्हणे, "आपली म्हणजे तुमची." तो हसे आणि विषय तिथेच मिटे. काम चांगले झाले तर शाबासकी बाकावर मिळे, आणि कुठे उसवले तर बोलणी स्वयंपाकघरात येत.

नवरा वारला. त्याचा ठसा त्याच्याबरोबर गेला, कारण मेलेल्या माणसाने उत्तर द्यायचे कसे. कारखान्यात उरले थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे थोरली जाऊ, आणि धाकटी. दिरांच्या दोन्ही मुलांनी दूरच्या शहरात मोटारदुरुस्तीचे दुकान टाकले होते. कड्यांपेक्षा नटबोल्ट बरे, असे त्यांचे मत होते.

अशा वेळी सिलेखान्यातून एक सदरा आला. सिलेखाना म्हणजे जुन्या राज्याची हत्यारांची कोठी. ती आता लोकांना पाहायला खुली होणार होती, आणि उघडण्याच्या दिवशी दारात एक पहारेकरी जुने चिलखत घालून उभा राहणार होता. त्यासाठी जो सदरा निवडला होता त्याचा डावा खांदा मागच्या बाजूने फाटला होता. तो सदरा साधा नव्हता. त्याच्या गळ्याभोवतीच्या प्रत्येक कडीवर देवाचे नाव ठसवलेले होते, इतके बारीक की डोळ्यांना ते नुसते खरखरीत वाटे. धाकटीला ती लिपी येत नव्हती. पण त्या कड्यांवरून बोट फिरवताना ती मनात म्हणे, ज्याने हे केले त्याला कुणी विचारले नसेल की बाबा, एवढे बारीक कोण वाचणार आहे.

फाटलेला खांदा तिने एकटीने सांधला. दिरांना जवळचे दिसत नव्हते, ते फक्त तार किती जाडीची घ्यायची ते सांगत आणि तीही ती आधीच घेऊन बसलेली असे. काम पुरे झाले आणि खूणकडीची जागा तेवढी मोकळी राहिली. दुपारी सिलेखान्याचे साहेब मोटार घेऊन सदरा न्यायला येणार होते.

सदरा लाकडी घोड्यावर टांगून पाहण्यात अर्थ नसतो. लाकूड हलत नाही, ओरडत नाही. माणसाच्या अंगावर चढला की मगच कळते, कुठली कडी घट्ट आहे आणि कुठली चावते. म्हणून खूणकडीच्या आधी कारखान्यातला पुरुष तो घालून पाही. आतून घालायला एक कापूस भरलेला अंगरखा होता. सासऱ्यांच्या वडिलांपासून तो चालत आलेला होता आणि घरात त्याचा मान मोठा होता.

दिरांनी अंगरखा घातला. तो कसाबसा बसला. वरून सदरा चढवला, तो छातीपर्यंत आला आणि पोटावर अडला. त्यांनी श्वास आत ओढला, टाचा उंचावल्या, तरी तो खाली येईना.

दारातून थोरली जाऊ हे पाहत होती. ती म्हणाली, "ओढू नका हो जास्त. नाहीतर तुम्हाला आत ठेवूनच न्यावं लागेल साहेबांना."

"तू तुझं काम बघ."

"तेच बघतेय. रोज वाढून वाढून हे काम मीच केलंय."

सदरा काढून दीर घाम पुसत बसले. तेव्हा धाकटी म्हणाली, "भावजी, मी घालते."

"तू?"

"पहारेकऱ्याइतके खांदे नाहीत माझे. पण आत मावेन तरी."

"बायकांनी कधी घातलंय का हे?"

"तुमच्या अंगावर ते खाली येत नाही, मुलं इथे नाहीत. शिकलगारांकडून माणूस मागवू का?"

हा घाव वर्मी बसला. शिकलगारांपुढे हात पसरण्यापेक्षा दिरांनी मान फिरवणे पत्करले. धाकटीने आपल्या कपड्यांवर अंगरखा चढवला, नाड्या बांधल्या, सदरा डोक्यावरून घेतला आणि खांदे हलवून खाली सोडला. कड्यांचा एक लांबलचक निःश्वास झाला आणि सगळे वजन एकदम खांद्यांवर उतरले. आयुष्यभर तिने हे लोखंड मांडीवर घेतले होते. ते अंगावर घेतल्यावर कसे वाटते, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. वजन होते, पण ते पाठीशी उभे राहिल्यासारखे होते.

तिने हात वर केला, वाकली, कमरेत वळली.

"कुठे चावतंय?" दिरांनी विचारले.

"कुठेच नाही."

"नीट बघून सांग."

"नीट सांधलंय, नीटच सांगते."

दिरांनी खिशातून डबी काढली. तिच्यात पितळेची कडी होती आणि तिच्यावर दोन आडव्या रेघा होत्या, म्हणजे त्यांचा ठसा. "काढ आता. खूणकडी घालून टाकतो."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे काय? माझी."

"सांधलं कुणी?"

"कारखान्याने सांधलं."

"कारखान्याला हात नसतात, भावजी."

दिरांनी डबी मिटली. धाकटीने सदऱ्याखाली हात घालून कनवटीची गाठ सोडली आणि एक चिंधी काढली. तिच्यात दुसरी पितळेची कडी होती. तिच्यावर एक गोल होता आणि गोलाच्या आत टिंब. हा ठसा तिने नवऱ्याच्या झिजलेल्या सुंब्यावर स्वतः कोरला होता, आणि कधी कोरला ते कुणालाच माहीत नव्हते.

"हा ठसा तुला दिला कुणी?" दिरांचा आवाज खाली गेला. ते रागावले की हळू बोलत.

"कुणी देईल म्हणून फार वाट बघितली. मग करून घेतला."

"अगं, ही काही शोभेची टिकली नाही. ज्याची कडी त्याने उत्तर द्यायचं असतं. उद्या सिलेखान्यात भर लोकांत खांदा उसवला तर साहेब कुणाला धरतील? ते मला ओळखतात. तुला कोण ओळखतं?"

"मला धरू देत. मग ओळखतील."

"भावाच्या माघारी घराची रीत मोडायची नाही."

"त्यांच्या हयातीत मी रीत पाळली. आता उसवलं तर बोलणी मला आणि राहिलं तर रेघा तुमच्या, हे मला नको. उत्तर मी देणार आहे, तर कडी माझी पाहिजे."

"तू आधी सदरा काढ."

"कडी बसल्याशिवाय काढणार नाही."

दीर उभे राहिले आणि परत बसले. भावाच्या बायकोच्या अंगावरून चिलखत ओढून काढणे त्यांच्याने होणारे नव्हते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते. शेवटी ते म्हणाले, "मग बस तशीच. वजनाने आपोआप शुद्धीवर येशील."

थोरली जाऊ म्हणाली, "धाकटे, पुरे कर हे सोंग. माझाही हात चालतोच की बाकावर. मी कधी मागितली का कडी?"

"नाही मागितली," धाकटी म्हणाली. "म्हणून तर नाही मिळाली."

धाकटीने रिकामा हंडा उचलला आणि ती तशीच, चिलखतासकट, गल्लीतल्या नळावर गेली. पाण्याची वेळ होती. ओळीतल्या बायका मागे सरकल्या, मग हसल्या, मग एकीने हात लावून कड्या पाहिल्या. शिकलगार दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"काय धाकटे, लढाई कुणाशी?"

"घरातच आहे. लांब जावं लागत नाही."

"आमच्याकडे तलवार आहे, लागली तर सांग."

"तलवार चालवणारे पुष्कळ झाले. मला टिकून उभं राहायचंय."

हंडा भरून ती परत आली. गुडघे दुखत होते, मानेवर गळ्याच्या कड्या घासत होत्या, पण पाऊल तिने जड पडू दिले नाही. गल्ली बघत होती.

ती उंबरा ओलांडते तोच मोटार दारात थांबली. सिलेखान्याचे साहेब खाली उतरले. शांत, किडकिडीत गृहस्थ होते. समोर चिलखत घातलेली म्हातारी पाहून ते क्षणभर मागे पुढे पाहू लागले. दिरांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "एक शेवटची कडी राहिलीय. आत्ता होतं." मग धाकटीकडे वळून अगदी हळू म्हणाले, "आता घराची लाज राख."

धाकटीला कळले की आता वेळ नाही. सदरा अंगावरून उतरला की तो दिरांच्या हातात जाणार, मग साहेबांच्या मोटारीत, मग पहारेकऱ्याच्या अंगावर, आणि रेघा कायमच्या बसणार. अंगावर ठेवला तर मोकळी जागा तिच्या स्वतःच्या पाठीवर, जिथे तिचे दोन्ही हात एकदम पोहोचणार नाहीत. तिने दिरांकडे पाठ केली आणि कडी खांद्यावरून मागे धरली. "तुम्हीच बसवा. तुमच्या हातची बसली तरी ठसा माझाच राहील."

दिरांनी हात मागे घेतले. तिने जावेकडे पाहिले. जाऊ भिंतीकडे पाहू लागली.

मग धाकटीने काय केले, तर तिने दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून घेतले. गोधडीच्या आत कपडे बदलावेत तशी ती आतल्या आत वळवळू लागली. सदरा खळखळत तिच्याभोवती फिरला आणि पाठीचा भाग छातीवर आला. तिने हात उलट्या बाह्यांतून बाहेर काढले. सांधलेला खांदा आता तिच्या डोळ्यांसमोर होता. सदरा उलटा, गळ्याची चीर मागे, कड्यांची लय सगळी विस्कटलेली, असे ते ध्यान होते. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

तिने बाकावरून पकड घेतली. कडी उघडली, चार कड्यांत ओवली, टोके जुळवली, रिबिट बोटाने जागेवर ठेवले आणि दोन्ही हातांनी पकड दाबली. टक् असा आवाज झाला. त्या घरात तो आवाज झाला की काम संपले असे समजत.

पण काम संपले नव्हते. अंगावर घातलेल्या चिलखतात रिबिट दाबताना खाली चामड्याची पट्टी धरावी लागते. ती पट्टी बाकावरच राहिली होती. सदरा उचलून पाहिला तर त्याच्याबरोबर अंगरखाही वर आला. जुन्या कापडाची एक चिमूट कडीत सापडून रिबिटाखाली पक्की दाबली गेली होती. चिलखत आणि अंगरखा एक झाले होते. नवशिके ही चूक करतात आणि पुढे महिनाभर बोलणी खातात.

दिरांनी जवळ येऊन पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे काहीतरी आले. "बघ. म्हणून म्हणत होतो. आण इकडे, कापतो ती कडी. दुसरी बसवू."

"दुसरी म्हणजे रेघांची."

"मग काय करणार? अंगरखा कापणार? माझ्या आजोबांचा अंगरखा आहे तो. त्यांच्यापासून घरातल्या प्रत्येक पुरुषाने घातलाय."

"आणि प्रत्येक वेळी मी नाहीतर जाऊबाईंनी उसवला, धुतला, शिवला," धाकटी म्हणाली. तिने जावेच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. दिरांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तिने कात्रीचे टोक कड्यांखाली सरकवले आणि त्या मानाच्या अंगरख्याला, जिथे कापड कडीत अडकले होते तिथे, गोल भोक पाडले. पिवळा पडलेला कापूस बाहेर आला. सदरा सुटला.

साहेब कुणाच्या तरी घरातल्या भांडणात आपण बसलो आहोत हे ओळखून खुर्चीत अवघडून बसले होते. धाकटीने सदरा डोक्यावरून काढला, सुईने कडीखालचे धागे एकेक करून ओढून काढले, फडक्याने तेल लावले आणि तो घडी करून बाकावर ठेवला. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. अंगरखा तसाच अंगावर होता, छातीवर भोक घेऊन.

साहेबांनी सदरा उचलला, खांदा चाचपला. ते सवयीने दिरांना विचारू लागले, "मजबूत आहे ना? गर्दी खूप असणार. पहारेकऱ्याला हातात भाला वर धरून उभं राहायचंय."

दिरांनी तोंड उघडले. हो म्हणणे त्यांना आयुष्यभर सोपे गेले होते. या वेळी ते हनुवटी धाकटीकडे उडवून म्हणाले, "त्यांना विचारा. कडी त्यांची आहे. उसवलं तर मी उत्तर देणार नाही."

"तेच तर मागत होते मी," धाकटी म्हणाली. मग साहेबांकडे वळून तिने सांगितले, "भाला धरू दे, हात वर ठेवून दिवसभर उभा राहू दे. खांद्याला काही होणार नाही. झालंच तर या गल्लीत येऊन धाकटी कोण म्हणून विचारा. कुणीही दाखवील."

मोटार गेली. दीर उठून मागच्या अंगणात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. जेवताना त्यांनी एवढेच विचारले, "त्या अंगरख्याचं काय करायचं?"

"ठिगळ लावते," धाकटी म्हणाली. "पण ठिगळ दिसेल असं लावणार आहे."

सिलेखाना उघडला. खांद्याबद्दल काही निरोप आला नाही, आणि या धंद्यात निरोप न येणे हीच पावती असते. दिरांनी नंतरही कधी तिच्या ठशाला बरे म्हटले नाही. मात्र एक शिरस्त्राण आले, त्याच्या मानेवरची जाळी फाटलेली होती, ते त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवले आणि डबी खिशातून काढली नाही.

तिने जाळी मांडीवर पसरली तेव्हा थोरली जाऊ शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती उगाच कड्या निवडत राहिली. मग तिने मुठीतून एक जाड खिळा काढला आणि बाकावर ठेवला.

"याचा ठसा होईल का बघ."

"काय कोरायचं आहे?"

"मासा."

"मासा सासऱ्यांचा होता, जाऊबाई."

"सासरे गेले," जाऊ म्हणाली. "आणि माशाचे कल्ले ते नेहमी चुकीचे काढायचे."

धाकटीने खिळा उजेडात धरून फिरवून पाहिला, ऐरणीवर एकदा ठोकून त्याचा आवाज ऐकला आणि परत दिला. "हा नरम आहे, टोक बसून जाईल. भावजींची जुनी कानस पडलीय ना कोपऱ्यात, ती आणा. पोलाद आहे. विचारू नका, नुसती आणा."